याडीनं माझा मंगळ घासून काढला

दोस्तहो, सकाळपासून डोकं तापून आहे. कोणाले तरी सांगतो.

दारव्ह्याजवळ आमच्या तांड्यामागं बरड माळ आहे. मागच्या आठवड्यात तिथं एक गारगोटी उलटी केली, तर खालून हिरवीगार! वर पाय भाजते, अन् खाली जीव जगून राह्यला. कॉलेजच्या मॅडमले फोटो पाठवला. त्या म्हणाल्या, "वाळवंटातही सूक्ष्मजीव असेच दगडाखाली राहतात. मंगळावर जीव शोधणारे त्यांचाच अभ्यास करतात. घेऊन ये, मायक्रोस्कोपखाली पाहू." मी मंगळावर नाटक लिहून राह्यलो, त्याचा हिरोच सापडला होता.

आज जायचं होतं. गारगोटी ठेवलेलं खोकं उघडलं, तर रिकामं. गारगोटी देवापाशी, चकचकीत, वरून शेंदूर!

"याडी, हे काहून केलं?" मी आईवर ओरडलो.

"एवढी जपून ठेवली, मले वाटलं देव आणला. शेवाळ चढलं होतं, मंग राखेनं घासून काढलं."

"अवं, ते शेवाळच जिवंत होतं!"

"मंग सांगाचं नाही काय? या घरात कोण राहाले येते, मले कोणी सांगतच नाही."

आता त्या दगडाले ती हातही लावू देत नाही. दुपारी बरडावर गेलतो. दिसंल ती गारगोटी उलटी केली. सगळ्या खालून कोरड्या.

तुमच्याकडं कोणाले हिरवी गारगोटी दिसली काय? दिसली तर परत तशीच ठेवा अन् मले जागा सांगा. मॅडमच्या पाया पडून मायक्रोस्कोपच तिकडं आणतो. घरी नेऊ नका, घरी याडी आहे.