वॉर्डातला लोहपंख

एकाच जागी वर्षानुवर्षं काम केलं की किस्से धुळीसारखे साचतात. आज झाडावं, उद्या पुन्हा आहेतच. मी नागपुरात एका सरकारी दवाखान्याच्या टी.बी. वॉर्डात वॉर्डबॉय होतो. केस पांढरे होऊन रिटायर झालो, तरी शेवटपर्यंत 'बॉय'च! शाळा चौथीपर्यंत. बोलणं कमी, आणि जे बोलतो तेही हळू. आमच्या मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "नामदेव, तुझं एक वाक्य संपेस्तोवर माझी ड्यूटी संपते!"

लोकांना वाटतं, तिथे नुसता खोकला. खोकला होताच. पण आमचं डोकं सगळ्यात जास्त पिकवलं ते लोहपंखाने.

लोहपंख हे एक हिंदी कॉमिक्स होतं. पाठीला लोखंडी पंख लावून उडणारा एक माणूस. महिन्याला एक अंक. प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर हा बाबा मरायच्या बेतात, आणि खाली छापलेलं : 'आगे क्या हुआ? अगले अंक में!' असं कित्येक वर्षं चाललेलं. मरतही नव्हता आणि संपतही नव्हता.

आमच्या वॉर्डात आलेला कागद बाहेर जात नसे. तसा नियम कुणी केला नव्हता, लोकांच्या भीतीने केला होता. पेशंट बरा होऊन घरी गेला की त्याची कॉमिक्स इथेच. नातेवाईक हातसुद्धा लावत नसत. एकदा मी गेटावर रद्दीवाल्याला थांबवलं. त्याने विचारलं, "कौन से वॉर्ड का माल है?" मी सांगितलं. तो हातगाडी सोडून पळाला! संध्याकाळपर्यंत ती हातगाडी मीच सांभाळत बसलो.

त्यामुळे झालं असं, की लोहपंखाचा अगदी पहिल्या अंकापासूनचा संच अख्ख्या नागपुरात बहुतेक आमच्याकडेच होता. एका लोखंडी कपाटात, वरपासून खालपर्यंत.

*

आता बळीरामचं सांगतो, कारण खरा जीव त्याचाच टांगणीला होता.

बळीराम उमरेडचा विणकर. घरी हातमाग, बायको गोदाबाई. स्वतः अंगाने काडी, पण हट्टी. दोनदा आमच्या वॉर्डातून पळाला होता. ह्या रोगाचं असंच. दोन महिने इंजेक्शन घेतली की ताप उतरतो, वजन भरतं, माणसाला वाटतं झालो बरा. औषध अर्धवट टाकून तो घरी जातो. रोग मात्र कुठे गेलेला नसतो.

तिसऱ्यांदा त्याला आणलं तेव्हा तो चालतही नव्हता. डॉक्टरसाहेबांनी एक्स-रे बघितला आणि सिस्टरला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्या वेळी पूर्ण कोर्स झाला तर वाचेल. पळाला, तर चौथ्यांदा आणायची गरजच पडणार नाही."

दोन महिने गेले. बळीरामला घास जाऊ लागला. गालावर थोडं मांस आलं. आणि सिस्टरची झोप उडाली.

"नामदेव, हा आता पळतो बघ!"

ह्याला बांधून ठेवायचं कशाने? सिस्टर विचार करत करत लोखंडी कपाटापाशी थांबल्या.

*

सिस्टरला ती आयडिया सुचायचं कारण म्हणजे काटोलचा दलाल.

हा संत्र्यांच्या बाजारातला माणूस. सतत बोलणार. पहिल्याच दिवशी त्याने शेजारच्या खाटेवरच्या वानखेडेंना विचारलं, "काय वाचून राहिले जी?"

वानखेडे कुठल्याशा ऑफिसात कारकून होते आणि आमच्या कपाटाचे स्वतःहून झालेले मालक. त्यांचा एकच कायदा : सुरुवात एक नंबरापासून! मधलाच अंक मागितला तर चष्म्यावरून असे बघत, की मागणारा सॉरी म्हणे.

त्यांनी दलालाच्या हातात एक नंबर ठेवला. दलालाने कपाटाकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं. आणि त्याचा चेहरा पडला.

"इतके वाचा लागते? म्हणजे मले इतके दिवस राहा लागते काय इथं?"

"अहो, तसं नाही..."

"मग पहिला काहून देला? ज्याले लवकर सोडतात त्याले मधातला देत असतीन!"

झालं! ही बातमी वॉर्डभर फिरली. दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टरसाहेब आले, तर एकेक पेशंट तोंड बारीक करून विचारतोय, "साहेब, मी कोणत्या अंकापासून सुरू करू?"

साहेबांना काही माहीत नाही. ते एका म्हाताऱ्याला म्हणाले, "आजोबा, कुठूनही करा. तुम्हाला काय फरक पडतो?"

म्हातारा ढसाढसा रडायला लागला! साहेबांचं हे ऐकून घरच्यांना निरोप धाडायला सांगितलं त्याने. त्याला समजवता समजवता माझी दुपार गेली. तो पुढच्या महिन्यात ठणठणीत होऊन गेला, ते सोडा.

*

हाच काटोलचा दलाल पुढे बरा झाला. डिस्चार्जचा कागद तयार. आणि हा खाटेवरून उठेना! राउंडच्या वेळी जोरजोरात खोकायला लागला.

डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं. "तुमची छाती साफ आहे. हा खोकला खोटा आहे."

"असन साहेब. पण लोहपंख विहिरीत हाय!"

"कोण?"

"वरतून झाकण लावलं हाय जी त्या विहिरीले! पंख उघडत नाहीत. मी कसा जाऊ?"

डॉक्टरांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरने माझ्याकडे. मी जमिनीकडे. शेवटी वानखेडेंनी पुढचे दोन अंक उभ्या उभ्या वाचून दाखवले. लोहपंख विहिरीतून बाहेर आला, तेव्हा कुठे आमचा दलाल खाटेवरून खाली आला!

हे सिस्टरने बघितलेलं. ज्याला हे कॉमिक्स लागलं तो हलत नाही. म्हणून तीच मात्रा बळीरामवर.

*

सिस्टर स्वतः एक नंबर घेऊन त्याच्या खाटेशी गेल्या. इंजेक्शन देताना ज्या गोड आवाजात बोलत, त्याच आवाजात म्हणाल्या, "बळीरामभाऊ, वाचता येतं ना? बघा तरी."

बळीरामने वरचं चित्र निरखून बघितलं. खूप वेळ बघितलं. आम्ही सगळे श्वास रोखून. शेवटी त्याने लोहपंखाच्या अंगरख्यावर बोट ठेवलं.

"सिस्टर, याले शिवण कुठी हाय?"

"काय?"

"पाठीतून पंख निघाले. मंग तेथं कापड फाडलं असन, दुमडलं असन, टाका मारला असन. काही दिसत नाही. असं कापड कोणत्या मागावर निघते?"

आणि अंक परत!

"बाकीचं तर वाचा!"

"नाही जी. मले समजते. तुमी गळ टाकून राहिले. एक वाचला का दुसरा, दुसरा का तिसरा. मी वाचायले लागलो का अडकलो. मले घरी जायचं हाय."

सिस्टर ड्यूटीरूममध्ये येऊन खुर्चीवर आदळल्या. "नामदेव, अडाणी पेशंट परवडला. हुशार नको!"

मग दुसरा उपाय. वानखेडेंनी त्याच्या उशाशी बसून मोठ्याने वाचायचं. वानखेडे वाचत, "धडाम! भडाम!" अख्खा वॉर्ड उठून बसे. बळीराम कानात कापूस घालून भिंतीकडे तोंड करी. तो कापूस दवाखान्याचाच! रोज कापूस कमी भरतोय म्हणून सिस्टर माझ्यावर ओरडल्या, तेव्हा कळलं.

*

सगळ्यात कहर झाला तो मे महिन्यात.

दुपारी मी गाद्या आणि कॉमिक्स गच्चीवर उन्हात टाकत असे. उन्हाने जंतू मरतात, असं सिस्टर सांगत. नागपूरचं ऊन म्हणजे जंतूच काय, माणूसही मरेल! त्या दिवशी अचानक अंधारून आलं आणि धुळीची आंधी सुटली. जुने अंक, पिना गंजलेल्या. लोहपंख पानापानाने उडाला! इतकी वर्षं चित्रात उडत होता, त्या दिवशी खरोखरीचा.

ज्यांना चालता येत होतं ते सगळे गच्चीवर धावले. सिस्टर खालून ओरडतायत, "आत या! छाती भरेल!" ऐकतो कोण?

सगळ्यात जास्त पानं कुणी गोळा केली असतील? बळीरामने! लुंगी खोचून, टाकीमागे शिरून, कठड्यावरून वाकून. मोठा गठ्ठा छातीशी धरून तो खाली आला. सिस्टरचे डोळे चमकले. त्या माझ्या कानात म्हणाल्या, "लागला रे, लागला गळाला!"

मी जवळ जाऊन बघितलं. प्रत्येक पान त्याने मळलेल्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं. चुकून एखादं वाक्य वाचलं जाईल म्हणून!

"दुसऱ्याची चीज हाय, वाया नको जायले," म्हणाला. "माह्यासाठी नाही."

वानखेडे आठ दिवस पानं लावत बसले. तरी लागली ती चुकीचीच. एका अंकात लोहपंखाचा दुश्मन तिसऱ्या पानावर मेला आणि पाचव्या पानावर पानठेल्यावर उभा. वानखेडे डोकं धरून बसले. पेशंट म्हणाले, "राहू द्या जी, आता जास्त मजा येऊन राहिली!"

*

आणि मग तो रविवार.

गोदाबाई दर रविवारी एस.टी.ने उमरेडहून यायची. माग आता तीच चालवत होती. आली की व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसे, डबा देई, चारच्या गाडीने परत जाई. लिहिणं-वाचणं तिला येत नव्हतं. फार बोलायचीही नाही. त्यामुळे माझं आणि तिचं बरं जमे.

त्या दिवशी सकाळीच बळीरामने जाहीर केलं, "आज मी जाऊन राहिलो. गोदीसंग."

सिस्टर समजावून थकल्या. रागावून थकल्या. रविवार, डॉक्टर गावाला. कोर्स अर्धासुद्धा झाला नव्हता. बळीराम ऐकून घेत होता आणि पिशवी भरत होता. मग वाळत टाकलेलं धोतर आणायला मागच्या बाजूला गेला.

गोदाबाई बाकड्यावर. समोर कठड्यावर मी कॉमिक्स उन्हात मांडत होतो. तिने एक नंबराच्या चित्राकडे बोट दाखवलं.

"भाऊ, याले पंख कायचे हायत?"

"लोखंडाचे," मी म्हटलं.

"मंग जड नाही होत?"

मी स्वतः एकही अंक वाचला नव्हता. पण इतक्या वर्षांत कानावरून सगळा गेलेला. मी सांगायला लागलो. लोहाराचा पोरगा... त्याच्या गावाला... पुराने वेढलेलं... पलीकडे कुणी जाऊ शकत नाही...

माझं बोलणं म्हणजे तुम्हाला माहीत आहे. खिडकीच्या गजांपाशी एकेक पेशंट येऊन उभा राहिला. कुणीतरी कळवळून म्हणालं, "नामदेवभाऊ, जरा लवकर सांग न गा!" सिस्टर दारात उभ्या, हातात थर्मामीटर. मी आपला माझ्या चालीने. पोराने भट्टी पेटवली. पंख ठोकले. गाव हसलं. तो देवळाच्या शिखरावर चढला.

बळीराम पिशवी घेऊन आला. "चाल वं. गाडी सुटन."

"थांबा जी," गोदाबाई त्याच्याकडे न बघताच म्हणाली. "अन् मंग, भाऊ?"

"मग... त्याने डोळे मिटले."

"अन्?"

"उडी टाकली."

"मंग? उडला का?"

"ते पुढच्या अंकात," मी म्हटलं.

खिडकीतून वानखेडेंनी सांगायला तोंड उघडलं. सिस्टरने झटकन थर्मामीटर त्यांच्या तोंडात खुपसला!

गोदाबाई नवऱ्याकडे वळली. "तुमाले माहीत असन न? उडला का?"

"मी नाही वाचलं."

"इतके दिवस हाय तुमी इथं. वाचता येते तुमाले. काहून नाही वाचलं?"

बळीरामने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

तिने पदर खोचला. त्याच्या हातातली पिशवी काढून आपल्या कमरेवर घेतली.

"पुढच्या आयतवारी येतो मी. वाचून ठेवा."

"अवं, पण मी घरी येऊन राहिलो न तुह्यासंग!"

"घरी आले तर मले कोण सांगन, उडला का नाही ते?"

आणि पिशवी घेऊन ती एकटीच स्टँडकडे निघाली.