चेहरा सांगा की हो काका!

आमच्या ह्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी खरं बोलण्याचा गाढवपणा केला आणि तो आम्ही अजून निस्तरतोय.

हे किल्ल्या बनवतात. बाजाराच्या कोपऱ्यावर दोन माणसं उभी राहतील एवढंसं दुकान. तेव्हा मागच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंचा त्यांच्याच घरात खून झाला. कुलूप फोडलेलं नव्हतं, उंबऱ्याशी एक डुप्लिकेट किल्ली पडलेली. पोलिसांनी ती सगळ्या किल्लीवाल्यांना दाखवली. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. ह्यांनी मात्र ती उजेडात धरली, दातांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही माझ्या हातची. शेवटच्या दाताला माझी कानस जरा तिरकी जाते." कोणी करून घेतली? "ते नाही आठवत, साहेब. मी किल्लीकडे बघतो, माणसाकडे नाही."

झालं! खुनी सापडला नाही, हे सापडले.

तेव्हापासून लोकांनी जीव नकोसा केलाय. आधी पेपरवाले, मग पुस्तकं लिहिणारे, आता मोबाईल घेऊन हिंडणारे. सुट्टीच्या दिवशी घोळकेच्या घोळके येतात, त्या घरासमोर दात काढून फोटो घेतात आणि मग आमच्याकडे. "काका, तशीच एक किल्ली द्या ना, आठवण म्हणून. आणि चेहरा सांगा की हो!" आठवण म्हणे! मेल्यांनो, सहलीला आलात का? माझ्या लेकीला ताप आला की त्या बाई भर पावसात घरी यायच्या. हे एकानंही कधी विचारलं नाही. जखमा किती होत्या ते मात्र सगळ्यांना पाठ.

ह्यांचं उत्तर एकच, "नाही आठवत." एकानं शटरवर 'हाच खुनी' असं लिहिलं. हे थिनर घेऊन पुसत बसले, पण अंदाजानं एक नाव घेतलं नाही. "उगाच कुणाच्या गळ्यात का मारू?" म्हणायचे.

गेल्या महिन्यात एक दाढीवाला आला. त्याचं चॅनेल म्हणे लाखो लोक बघतात. हे जेवायला घरी गेले होते, दुकानात मी एकटी. त्यानं एका माणसाचा फोटो पुढे धरला. डॉक्टरीणबाईंचा जुना कंपाउंडर. "काकू, हाच ना? एकदा हो म्हणा, परत कोणी त्रास देणार नाही." दारात ठाण मांडून बसला, गिऱ्हाईक आत येऊ देईना. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "हो बाबा, हाच! टळ आता एकदाचा!"

टळला. ह्यांना मी काही बोलले नाही.

आठवड्यानं तो कंपाउंडर स्वतः दुकानात आला. चांगला साठीचा माणूस, कपाळाला पट्टी. "लोकांनी दाराचं कुलूप फोडलं. नवीन बसवून द्याल? तो चॅनेलवाला म्हणतो, किल्लीवाल्याकडून खात्री झाली. मी बायकोला म्हटलं, तो माणूस असं बोलणारच नाही."

"नाही बोललो," हे म्हणाले. पिशवी उचलली आणि दार धरायला मला बरोबर घेतलं. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा, भिंतीवर काळ्या रंगात शिव्या. त्यांच्या बायकोनं चहा दिला. मी एका हातानं दार धरलेलं, दुसऱ्या हातात कप.

"ताई, बरं वाटलं तुम्ही आलात," ती म्हणाली. "आठ दिवसांत दारात आलेली माणसं म्हणावी अशी तुम्ही दोघंच."

"मग बोललं तरी कोण?" कंपाउंडरनं विचारलं.

"कोण जाणे. दुपारी दुकानात हीच अस..." बोलता बोलता हे थांबले. हातातला स्क्रू तसाच राहिला.

"मीच म्हणाले," मी म्हटलं. "कटकट जावी म्हणून."

त्यांची बायको उठली आणि माझ्या हातातला कप काढून घेतला. अर्धा चहा तसाच होता. ह्यांचे दोन स्क्रू अजून बाकी होते, म्हणून मी दार धरून तिथंच उभी राहिले.