धुरपदाबाईंची सुरूची झाडं

बेंबळीच्या धुरपदाबाईंचा बोअर खोल केला आणि पाणी खारट लागलं. वाफ्यांत पांढरा थर चढला, लिंबं वाळून गेली. तेव्हा रत्नागिरीला मासेमारीच्या बोटीवर कामाला असलेल्या सिदूनं, त्यांच्या एकुलत्या एक लेकानं, सुरूची रोपं आणली.

"आये, ही समुद्राकाठची झाडं. खारं पाणी सोसत्यात."

बांधाला रोपं लावली. शेजारी महालिंगप्पांच्या विहिरीचं गोडं पाणी निम्म्या रांगेलाच पुरायचं, उरलेल्या रांगेला बोअरचं. दोन-तीन वर्षांत गोड्या पाण्याची झाडं माणसाच्या दुप्पट झाली. खाऱ्या पाण्याची जगली, पण खांद्याच्या वर जाईनात. शेंडे करपलेले, खोडं गाठाळ.

मग सिदूची बोट उलटली. देह सापडला नाही.

त्या उन्हाळ्यात भर दुपारी महालिंगप्पा बोअरची मोटार बंद करायला आले आणि जागीच थबकले. वारं पडलेलं. उंच झाडांची काडीही हालत नव्हती. ठेंगणी रांग मात्र वाजत होती. लांबून काहीतरी येतंय, वाळूवर पसरतंय आणि मागं सरतंय, असा आवाज.

"वैनी, ही रांग तोडा," ते घाबऱ्या आवाजात म्हणाले. "म्या एकदा समुद्र बघितलाय. असाच वाजतो."

धुरपदाबाईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्या उठून ठेंगण्या झाडांत जाऊन बसल्या. पार ऊन उतरेपर्यंत.

गावातल्या बाया त्या वाटेनं जाईनाशा झाल्या. झाडं खुरटली म्हणून कण्हत्यात, असं कुणी म्हणालं. ते ऐकून बाईंचा जीव कळवळला. पावसाळाभर त्यांनी बोअर बंद ठेवला, पाऊस नसला की विहिरीवरनं घागरी आणून घातल्या. पावसानं जमिनीतलं मीठ धुतलं, रांग तरारली, हिरवे शेंडे फुटले.

आणि आवाज थांबला.

बाई रोज कान देऊन बसायच्या. नुसतं वारं. दिवाळी झाली तशी त्यांनी महालिंगप्पांना सांगितलं, "भावजी, बोअर चालू करा."

"वैनी, मरतील की झाडं."

"व्हय. हळूहळू."

खारं पाणी पुन्हा रांगेत शिरलं. शेंडे करपायला लागले. होळीच्या सुमाराला एक झाड वाळलं, मग दुसरं. उरलेली दुपारी वाजायला लागली. धुरपदाबाई भाकरी बांधून तिथं जातात, दोन माणसांची.