काकांविरुद्धचं पत्रक
व्हिनेगरचा वास आला की मला हिंगणघाटच्या घरातली आमची न्हाणी आठवते. आईचा खांदा मोडला होता आणि तांब्या डोक्यापर्यंत जात नव्हता. केस दुसऱ्याकडून धुऊन घेणं तिला अपमानाचं वाटे, म्हणून मी पंप लावून शॉवर बसवला. तीन महिन्यांत त्यातून नुसते थेंब पडू लागले. पंप गुरगुरायचा, मी वॉशर बदलायचो आणि आतून आई ओरडायची, "हा साबण आता वाळवून पुसू काय?" शेजारचे निवृत्त मास्तरकाका नळाला मोटर लावून आमचं पाणी ओढतात, असं मी ठरवूनच टाकलं. गावात वाटायची पत्रकं मी नेहमीच लिहायचो; आता पाणीचोरांविरुद्ध एक लिहिलं, त्यात काकांचं नाव घातलं आणि ते खिशात घेऊन भांडायला गेलो. काकांनी ऐकून घेतलं, आमची टाकी पाहिली आणि सरळ न्हाणीत येऊन शॉवरखालचा नळ उघडला. "तुयी टाकी भरली हाये, खालचा नळ धो धो वाहून राह्यला. मंग मी काय चोरलं, बापू?" त्यांनी शॉवरची जाळी काढून तासभर व्हिनेगरमध्ये बुडवली. "कागद दे," म्हणाले. खिशात पत्रकाचा तेवढाच होता. त्यावर जाळी आपटताच खाऱ्या पाण्याने भोकांत साचलेला क्षारांचा पांढरा चुरा त्यांच्याच नावावर पडला. काकांनी फुंकर मारून मजकूर वाचला. "अक्षर सुंदर हाये. तुयी माय न्हाली की मायं नाव खोडजो." थोड्या वेळाने बंद दारामागून पाण्याचा जोरदार आवाज आला, आणि आईचं गुणगुणणं. आजही पत्रकात कुणाचं नाव लिहिण्याआधी मी खालचा नळ उघडून पाहतो.