बोलण्यातले चार आणे

मी गाव सोडलं त्या दिवशी आमच्या आबांनी, म्हणजे वडलांनी, एस.टी. अडवली. हात करून नव्हे, मेंढरं घालून. मला सोडायला विट्याच्या स्टँडावर यायचं तर मेंढरं कुणाच्या गळ्यात टाकायची? म्हणून त्यांनी सगळा कळपच फाट्यावर आणून रस्त्यात उभा केला. हे सांगताना मी नेहमी पाचशे मेंढरं सांगतो. होती त्याहून बरीच कमी, पण त्या ड्रायव्हरला गाठून विचाराल तर तोही पाचशेच म्हणेल. हॉर्न मारून मारून गाडीची बॅटरी उतरली. कंडक्टरनं आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि आठवीचा सुरू केला. आबा मात्र काठी खांद्यावर आडवी टाकून, कळपातून वाट काढत, निवांत माझ्या खिडकीपाशी आले.

"पोचलास की फोन कर," म्हणाले. "आन् जरा खरं सांगत जा."

एवढंच. मग तोंडानं कसलासा आवाज काढला, मेंढरं एका अंगाला झाली आणि गाडी सुटली.

'जरा खरं' का, ते आपल्या ग्रुपवरच्या नव्या पोरासोरांना माहीत नसेल, म्हणून लिहितो. गावात माझ्या बोलण्याचा भाव ठरलेला होता, रुपयाला चार आणे. मी वाघ बघितला म्हटलं की लोक कुत्रं धरायचे, कुत्रं म्हटलं की मांजर. एकदा मी खरंच साप बघितला आणि गांडूळ समजून कुणी उठलंच नाही. हा हिशेब घरच्यांना पाठ होता आणि मलाही. म्हणून मी आधीच चौपट सांगायचो, म्हणजे पोचायचं तेवढं बरोबर पोचायचं.

नव्वद सालची गोष्ट. आपल्या खानापूरच्या माळावरचा जो तो गलाईला निघाला होता. सोनारांकडचं मोडीचं सोनं, चांदीचा चुरा, दुकानातली झाडलोटसुद्धा आणायची, मुशीत घालून भट्टीत वितळवायची, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, टाकायची आणि शुद्ध करून परत द्यायची. त्या तेजाबाचा धूर छातीत बसतो. गलाईवाला ओळखायचा तर तोंड बघू नका, खोकला ऐका. आमच्यातले कुणी कोईमतूरला, कुणी बनारसला, कुणी नेपाळात. मी सुरतेला, आपल्याच तालुक्यातल्या अण्णांच्या दुकानात. मालक म्हणून अण्णा देवमाणूस. पगार देताना तेवढा देव आठवायचा.

आमची भट्टी अमावास्येला थंड असायची. त्या दिवशी मी एस.टी.डी. बूथवरून गावाला फोन करायचो. गावात फोन एकच, शंकर वाण्याच्या दुकानात. फोन वाजला की वाणी बिरोबाच्या देवळावरच्या कर्ण्यावरून पुकारा करायचा आणि मी पाच मिनिटांनी परत लावायचो. तोवर आबांच्या मागं निम्मा गाव दुकानात. सुरत म्हणजे बंदर, बंदर म्हणजे समुद्र, समुद्राच्या पलीकडं अरबस्तान, तेव्हा जगातली पहिली बातमी मलाच कळणार, असं गावानं धरून चाललेलं. मग मीही गावाचा शब्द खाली पडू दिला नाही.

आखातात लढाई पेटली तेव्हा विट्याच्या पाण्याच्या टाकीएवढं क्षेपणास्त्र मी आमच्या कौलांवरून जाताना बघितलं होतं. त्याच्या वाऱ्यानं अण्णांचा फेटा उडाला, तो तापीच्या पलीकडं सापडला. निवडणुका लागल्या की दिल्लीत कोण बसणार ते मी आधी सांगायचो. चुकलं तर लाईन खराब होती. मुंबईत कुणा डॉक्टरनं माणसाला डुकराचं काळीज बसवलं आणि तो आता पहाटे उठून चिखल हुंगत हिंडतो, ही बातमीही माझीच. लोक हसायचे, वाणी साखर कमी मापायचा, आणि आबा शेवटी फोन घेऊन म्हणायचे, "बरं. चार आणं धरलं." त्या चार आण्यांत त्यांना जे कळायचं ते कळायचं. पोरगं जेवतंय, खोकतंय, जिवंत हाय.

पहिल्या वर्षी एकदा सुट्टीला आलो होतो तेव्हा माळावर मी त्यांना विचारलं होतं, एवढ्या ओरड्यात तुम्हांला मेंढराचं दुखणं कळतं कसं? ते म्हणाले, "वरडतंय तवर भ्या न्हाई. गप बसलं की उठायचं."

मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं.

चौऱ्याण्णवला गणपती बोळवून चार दिवस झाले नसतील, सुरतेत प्लेग आला. तुम्ही पुढं करोना बघितलात, तेव्हा फार समजावत नाही. पण तेव्हा हातात फोन नव्हता. बातमी तोंडातून तोंडात जायची आणि प्रत्येक तोंड तिच्यात आपलं घालायचं. सकाळी पाणीवाला म्हणाला, पलीकडच्या गल्लीत दोघं गेले. दुपारी तेच दोघं वीस झाले. संध्याकाळी कुणी म्हणे नळाच्या पाण्यात विष, कुणी म्हणे हा रोग नव्हेच, शत्रूनं सोडलेलं हत्यार. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्यापेक्षा थापाडी माणसं भेटली, अख्खं शहरभर, आणि मला त्यांच्यातले चार आणे कुठले ते ओळखता येईना. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सुली लोक फुटाण्यासारख्या खात होते. स्टेशनाकडं माणसांचा लोंढा लागला, तोंडाला रुमाल, डोक्यावर गाठोडी. टीव्ही लावला की स्टेशन दिसायचं, बंद केला की रस्त्यावर तेच दिसायचं.

अण्णा गणपतीला गावी गेलेले. दुकानात मी एकटा आणि तिजोरीत चार सोनारांचं सोनं. ते सोनार कधीच पळाले होते. सोनं टाकून मी कसा पळू? हे मी लोकांना सांगायचो. खरं कारण दुसरंच. मला ताप भरला होता.

खोकला तर माझा जन्माचा सोबती, तेजाबाची देणगी. पण आता मी खोकलो की समोरचं दार बंद व्हायचं. थंडी वाजून हाडं खिळखिळी व्हायची, मग अंग भाजायचं. दवाखान्यात नेतात ते परत सोडत नाहीत, ही त्या दिवसांतली सगळ्यांत पक्की बातमी. आणि गावी गेलो तर? बरोबर काय घेऊन जाईन? आईला, धाकट्या बहिणीला, गाडीतल्या सगळ्यांना? मी शटर अर्धं ओढून भट्टीपाशी पडून राहिलो. जी भट्टी मी वर्षभर शिव्या देत पेटवायचो ती त्या दिवशी पेटवायला हात उठेना.

अमावास्या लांब होती, तरी मी उठून फोन करायला गेलो. बूथवाल्या भाईंनी नाकावर फडकं बांधलेलं. मी खोकलो तसे ते बाहेर जाऊन उभे राहिले, पैसेसुद्धा मागितले नाहीत. गुजराती माणूस पैसे मागत नाही म्हणजे काळ किती वाईट आला ते बघा.

आबा आले. मागून गाव बोलत असल्याचा आवाज येत होता, मग अचानक थांबला.

"आबा, मी बरा हाय."

"आनि?"

"आनि काय न्हाई."

"सुरतंत लय लोक गेलं म्हनत्यात."

"असतील. मला म्हाईत न्हाई."

"जेवलास?"

"व्हय."

आबांनी फोन ठेवला. चार आणे धरलं म्हणाले नाहीत. मी परत येऊन पडलो. वाटलं, जमलं. पहिल्यांदाच असं नीट, थोडक्यात, शहाण्या माणसासारखं बोललो, आता घरची माणसं निश्चिंत झोपतील.

मला नंतर कळलं की त्या दोन दिवसांत मी गावात दोनदा मेलो. एकदा विट्याहून आलेल्या गाडीतून माझी बातमी आली आणि एकदा मिरजेच्या दूधवाल्याकडून. दुसऱ्यांदा तर मला जाळलंसुद्धा. आईनं चूल पेटवली नव्हती. पण आबा तिथं नव्हते. फोन ठेवून ते घरी गेले, मेंढरं चुलत्याच्या हवाली केली, खांद्यावर घोंगडी टाकली आणि निघाले. तोवर मिरजेपलीकडची रेल्वे त्यांनी बघितली नव्हती. मुंबईला स्टेशनात सुरतेकडून आलेली गर्दी ओतत होती, त्यात आपल्याकडची गलाईवाली पोरं होतीच. बोलीवरून त्यांनी आबांना ओळखलं आणि हात धरून मागं ओढलं. आबा प्रत्येकाला माझ्या दुकानाचा पत्ता विचारायचे. तो सांगायचा आणि वर म्हणायचा, जाऊ नका. आबा पत्ता तेवढा घ्यायचे.

सुरतेला जाणाऱ्या डब्यात आबा आणि टी.सी. दोघंच. टी.सी.नं तिकीट विचारलं नाही, डोकं ठिकाणावर आहे का एवढंच विचारलं. हा किस्सा आबांचा, माझा नव्हे, तेव्हा सोळा आणे धरा.

शटरवर काठी वाजली तेव्हा मला वाटलं, दवाखान्याची गाडी आली. बघतो तर वाकून आत येणारा लाल फेटा.

"आबा, तुमी कशाला आलासा?" मी किंचाळलोच. "मागं सरा, जवळ येऊ नका."

ते होते तिथंच थांबले. मला नीट बघितलं. म्हणाले, "फोनवर एकबी थाप मारली न्हाईस. म्हून आलो."

मग दारातच घोंगडी अंथरली. आजारी मेंढरू कळपातून काढून वेगळं बांधतात, पण एकटं ठेवत नाहीत. मेंढका त्याच्या वाटेत आडवा पडतो. आबांनी तेच केलं. फेट्याचं टोक नाकावरून घेतलं, स्टोव्हवर पाणी उकळलं, ते भांडं काठीनं माझ्याकडं ढकललं. मी रडतोय हे त्यांना दिसलं. ते भिंतीकडं तोंड करून बसले.

सकाळी मला सरकारी दवाखान्यात नेलं. गावच्या चिंचेखाली बसावं तसे आबा तिथल्या बाकावर बसले, माझ्यापासून हातभर अंतरावर. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त काढलं आणि थांबायला सांगितलं. आजूबाजूला सगळे रुमाल बांधलेले, नुसते डोळे. कुणी खोकलं की सगळे डोळे तिकडं. त्या बाकावर मला प्रथमच समजलं की माझ्या मरणाची बातमी कुणीतरी गावात सांगेल, आणि ती मी सांगितल्यासारखी रंगणार नाही.

बराच वेळ गेला. आबा रुमालांकडं बघत म्हणाले, "कायतरी सांग."

"काय सांगू?"

"काय बी. त्ये उडतं टाकं सांग, इराकचं."

मी म्हटलं, आबा, आता कसलं टाकं. मग मीच म्हणालो, की ते टाकं... कौलांवरून गेलं. कसं गेलं? आबांनी विचारलं. म्हटलं, जरा तिरकं गेलं. त्याच्या वाऱ्यानं अण्णांचा फेटा उडाला. उडाला तो तापीपार. आणि तिथं एक म्हैस उभी होती, तिच्या शिंगाला अडकला. हे म्हशीचं मला तिथंच सुचलं. ती म्हैस फेटा बांधून अशी हिंडायला लागली की लोकांनी तिला सरपंच केलं, आणि पहिल्याच वर्षी गावात पाण्याची सोय झाली, आमच्या गावात अजून झाली नाही ती.

पलीकडच्या बाकावरच्या रुमालामागून कुणीतरी हसलं. आबा हसले नाहीत. हातभर अंतर मोडून ते जवळ सरकले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आता बरा हाईस तू."

रक्ताचा निकाल त्यानंतर आला. साधा हिवताप. गोळ्या घेऊन घरी.

आबा माझा ताप उतरेपर्यंत दारात झोपले. जाताना घोंगडी इथंच ठेवून गेले. आता ते नाहीत. अण्णांचं दुकान मी घेतलं, पोरं इथंच शिकली, गुजरातीत भांडतात आणि मराठीत जेवण मागतात. गावात टॉवर आला, कर्णा गंजला. जगाच्या बातम्या मला कुणाला सांगाव्या लागत नाहीत. लढाई, औषध, निवडणूक, सगळं ग्रुपवर येऊन पडतं, माझ्याहून थापाडी माणसं ते पाठवतात, आणि तुम्ही ते पुढं ढकलता. ढकला. मी त्यातलं फारसं वाचत नाही. मी बघतो, आज कोण बोललं नाही. घर कुठलं, सुरत की माळ, असं कुणी विचारलं तर मला एवढंच सांगता येतं, की माझं गप्प बसणं जिथं बातमी होते ते.

परवा सीमेवर पुन्हा ताणलं. आपला पुतण्या महेश, फौजेतला, माझ्यावरच गेलेला, एरवी बर्फातली अस्वलं स्वयंपाकघरात येऊन चपात्या लाटतात म्हणून पाठवणारा. त्यानं दोन दिवसांनी एकच शब्द टाकला, 'ठीक.' तुम्ही सगळ्यांनी त्याला अंगठे पाठवलेत. मी ट्रंक उघडून घोंगडी काढली. पंचावन्न वर्षांचा म्हातारा सीमेवर कुठं जाणार, पण काढली. ती मांडीवर घेऊन त्याला आवाजी निरोप धाडला, "महेश, कायतरी सांग रं."

सकाळची दुपार झाली. जेवण गेलं नाही. मग आलं उत्तर. काका, म्हणे, इथं चहा ओततानाच गोठतो, आम्ही फोडून खिशात घालतो, आणि काल माझ्या खिशातला चहा सायबांनी गूळ समजून खाल्ला.

रुपयाला चार आणे धरले. पुरले.

घोंगडी परत ट्रंकेत ठेवली आहे. वरच ठेवली आहे, तळाशी नाही.