भिंगरीचा दुसरा टप्पा

बसस्थानकासमोर भिंगरीच्या आईबाबांचं जेवणाचं छोटं दुकान आहे. आत सहा टेबलं, तीही इतकी चिकटून मांडलेली की शेजाऱ्याचं कोपर आपल्या ताटलीत यावं. बाबा शेगडीपाशी, आई बाहेर. गाडीची वेळ जवळ आलेली माणसं दाराशी ताटकळत असतात, त्यामुळे दुकानात एक पद्धत पडून गेली आहे. गिऱ्हाईक शेवटच्या घासाशी आलं की ताटली उचलायची, फडकं मारायचं आणि पुढच्याला बसवायचं. कुणाला वाईट वाटत नाही. वाटायला वेळच मिळत नाही.

भिंगरी या दुकानात मोठी झाली. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं. पायांना उसंत नाही म्हणून सगळे भिंगरी म्हणत. मी शाळेत तिचा मास्तर होतो; माझ्या वर्गात प्रश्न अर्धा असतानाच हिचं उत्तर तयार असे आणि बहुतेक वेळा ते बरोबर असे, हीच पंचाईत. चुकलं असतं तर रागावता तरी आलं असतं.

ही मुलगी वैमानिक व्हायला निघाली तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. लहान विमानं तिने हसतखेळत उडवली. मग दोन इंजिनांच्या मोठ्या प्रवासी विमानाचं शिक्षण सुरू झालं आणि गाडं अडलं. हे शिक्षण आधी सिम्युलेटरमध्ये होतं, म्हणजे जमिनीवरच्या खोट्या कॉकपिटमध्ये. तिथे विमान उडण्याच्या ऐन वेळी एक इंजिन मुद्दाम बंद पाडतात आणि उरलेल्या एका इंजिनावर विमान सुखरूप वर न्यायला सांगतात. या परीक्षेत भिंगरी दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा झाली तर तिचं वैमानिक होणं तिथेच संपणार होतं.

ती दुसऱ्यांदा नापास झाल्यावर तिचे शिक्षक स्वतः दुकानात आले. सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात. जाडजूड माणूस, पिकलेल्या मिशा, आणि जेवणं अतिशय सावकाश. मी शेजारच्याच टेबलावर चहा पीत होतो. त्यांनी सूप मागवलं आणि भिंगरीच्या आईला समोर बसायला सांगितलं. ती बसली, पण खुर्चीच्या कडेवर.

"हुशार आहे हो तुमची मुलगी," कॅप्टन म्हणाले. "पण दर वेळी एकाच जागी घोळ करते."

"नेमकं काय चुकतं तिचं? मला कळेल असं सांगा."

"सांगतो. एक इंजिन गेलं की वर जायचे चार टप्पे असतात. जमीन सुटली की चाकं आत घ्यायची. ती पूर्ण आत गेली की पहिला टप्पा संपला. दुसऱ्यात काहीही करायचं नाही. ठरलेला वेग धरायचा आणि निदान चारशे फूट उंची येईपर्यंत नुसतं चढत राहायचं. तिसऱ्यात विमान सपाट करायचं, वेग वाढू द्यायचा आणि मग पंखांचे फ्लॅप आत घ्यायचे. चौथ्यात पुन्हा चढायचं, पंधराशे फुटांपर्यंत."

"फ्लॅप म्हणजे?"

"पंखांच्या मागच्या कडेला खाली आलेल्या पट्ट्या. त्यांनी वारा अडतो, ते खरं. पण वेग कमी असताना त्याच विमानाला उचलून धरतात. ही काय करते, दुसऱ्या टप्प्यातच त्या आत घेते. विमान बसतं खाली. समोर टेकडी असली की झालं."

"पण विमान रखडत असतं हो, सर!" मागे येऊन उभी राहिलेली भिंगरी म्हणाली. "मला वाटतं, अडचण दूर केली की सुटेल. आणि फ्लॅपचा खटका हलवायचं काम शेजारी बसलेल्या जोडीदाराचं, मी फक्त सांगायचं, हेही मला माहीत आहे. पण हातच जातो. मी पाठवत नाही त्याला!"

असं म्हणता म्हणता तिने कॅप्टनसमोरचा वाडगा उचलला आणि टेबलावरून फडकं फिरवलं.

कॅप्टनांचा चमचा हवेतच राहिला. त्यांनी रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या वाडग्याकडे. "माझं व्हायचं होतं."

"संपत आलं होतं की, सर."

"संपत आलं होतं. संपलं नव्हतं."

मग कॅप्टन असे हसायला लागले की टेबलच हलू लागलं. "अहो, मी महिनाभर हिला पाठ्यपुस्तक वाचायला लावतोय! हिचं दुखणं इथे आहे होय!"

आईने कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे हिला मीच नापास केलं म्हणा की."

"आई, तू कशाला!"

"गप्प बस. तू चार वर्षांची असल्यापासून ताटल्या उचलायला मीच शिकवलं."

शेगडीजवळून बाबा ओरडले, "मी कितीदा म्हणालो, लोकांना नीट जेवू द्या! माझं ऐकतंय कोण!"

कॅप्टनांनी तिथेच उपाय सांगितला. परीक्षेपर्यंत भिंगरीने दुकानात रोज काम करायचं, पण गिऱ्हाईक स्वतः ताटली पुढे सरकवत नाही तोवर हात लावायचा नाही. शेजारी उभं राहायचं आणि हात कमरेमागे.

"आणि सर, तुमचं सूप?" भिंगरीने विचारलं.

"आण ते परत."

पुढचे पंधरा दिवस दुकानात जी मजा झाली ती काय सांगू. नेहमीच्या गिऱ्हाइकांना बातमी लागली आणि ते चेकाळले. पोस्टमन शेवटचा चमचा तोंडाजवळ नेऊन तसाच धरून ठेवी आणि भिंगरीकडे बघून म्हणे, "मी अजून दुसऱ्या टप्प्यात आहे हं." बसचे ड्रायव्हर दारातूनच ओरडत, "चाकं वर!" शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी, एरवी घाईघाईने खाणाऱ्या, आता शेवटचा तुकडा चार भागांत खाऊ लागल्या. भिंगरीचे हात कमरेमागे आणि बोटं एकमेकांत अडकवलेली, इतकी घट्ट की पांढरी पडत. पहिले दोन दिवस ती दातओठ खात उभी राहिली. मग एकदा मी पाहिलं, तर ती ताटलीकडे बघतच नव्हती. जेवणाऱ्याशी गप्पा मारत होती.

खरी परीक्षा झाली ती आईची. दाराशी रांग वाढत होती आणि तिचे हात शिवशिवत होते. एकदा तिने लपून एक पेला उचललाच. भिंगरी म्हणाली, "आई, चारशे फूट!" आईने पेला निमूटपणे परत ठेवला.

परीक्षेला मी काही नव्हतो. हकीकत सांगितली तिच्या जोडीदाराने, तो शेजारच्या खुर्चीत होता. परीक्षक होत्या एक बारीक चणीच्या बाई, चेहऱ्यावर काही म्हणजे काही न दाखवणाऱ्या. विमानाने जमीन सोडली आणि डाव्या बाजूचं इंजिन गेलं. विमान एका अंगाला ओढू लागलं. भिंगरीने पायाने ते सरळ धरलं. विमान चढतंय हे जोडीदाराने सांगितल्यावर ती म्हणाली, "चाकं वर." त्याने चाकं घेतली. इथवर ती मागेही आली होती.

समोर टेकडी. वेग तेवढाच. उंची मुंगीच्या पावलांनी वाढत होती. जोडीदार सांगतो, "माझा जीव टांगणीला लागला होता. मी हिच्या मोकळ्या हाताकडेच बघत होतो." तेवढ्यात परीक्षक बाईंनी कंट्रोल टॉवरचा माणूस असल्यासारखं मागून विचारलं, आता काय करणार, कुठे वळणार, लगेच सांगा.

भिंगरी म्हणाली, "थांबा."

टॉवरला! तिने जन्मात हा शब्द दुसऱ्या कुणाला सांगितला असेल असं मला वाटत नाही.

टेकडी पोटाखालून गेली. ठरलेली उंची आली. तिने नाक थोडं खाली घेतलं, वेग वाढू दिला, काट्याकडे बघितलं, आणि मग जोडीदाराला शांतपणे फ्लॅप आत घ्यायला सांगितले, थोडेथोडे करून. तिचा हात जागचा हलला नाही. पुन्हा चढ. पंधराशे फूट.

परीक्षक बाई बराच वेळ काही लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, "पास. एक विचारू? तुम्ही मुळातच इतक्या संथ स्वभावाच्या आहात का?"

जोडीदाराला हसताना असा ठसका लागला की त्याला पाणी द्यावं लागलं.

पुढच्या आठवड्यात भिंगरीने खरं मोठं विमान पहिल्यांदा उडवलं. रिकामं विमान, दोन्ही इंजिनं ठणठणीत. उडायचं, फेरी मारायची, उतरायचं, पुन्हा उडायचं. विमानतळ गावाच्या कडेलाच असल्याने विमानं दुकानावरून जातात. वेळ मात्र तिला नक्की सांगता आली नव्हती. म्हणून दुपारी आई रस्त्यावर येऊन उभी राहिली. बाबांनी शेगडी बंद केली आणि तेही आले. मग पोस्टमन, त्या दोघी बहिणी, रांगेतली माणसं, सगळे. पहिलं विमान आलं. सगळ्यांनी हात हलवले.

"हीच का?" पोस्टमनने विचारलं.

"काय माहीत," आई म्हणाली.

दुसरं आलं, तिसरं आलं. नक्की कोणतं भिंगरीचं हे कळायला मार्ग नव्हता, तेव्हा एकही सोडायचं नाही असं ठरलं, आणि त्या दुपारी आमच्या डोक्यावरून गेलेल्या प्रत्येक विमानाला आम्ही हात हलवले.