पवनचक्कीमागची ढाल

बिराजदार काकांचा खेळातला माणूस सात महिने एकाही शत्रूला न मारता जगला. समोरून लांडगा आला की काका आपल्या माणसाला झाडामागे उभा करत, लांडगा निघून जाईपर्यंत थांबत आणि मग वाटेत पडलेल्या वस्तू उचलत. तलवारी, चिलखतं, औषधाच्या बाटल्या, मेलेल्या सैनिकांचे बूट, सगळं पाठीवरच्या पिशवीत जायचं. "मारामारीला बाकीचे हायत की," ते म्हणत. "सामान जागेवर पोचवणारा कुणीतरी पायजे का न्हाय?"

लोहाऱ्यात आमच्या घरापासून तिसरं घर त्यांचं. ते एस.टी.त आधी कंडक्टर होते, मग बस स्टँडवर कंट्रोलर झाले. मी इंग्रजी शाळेत उमरग्याला जायचे तेव्हा रोज सकाळी त्यांचा आवाज भोंग्यातून ऐकायचे. त्यांना लोहाऱ्यातून सुटणारी प्रत्येक गाडी वेळेसकट पाठ होती. कागदाकडे न बघता ते सांगायचे. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. अर्थात मी कुणाशीच फारसं बोलत नसे.

पुण्यातल्या कंपनीचं काम मी घरून करायला लागले, त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ते निवृत्तांचा हयातीचा दाखला काढायला मोबाईल घेऊन आमच्याकडे आले. "आपुन जिवंत हाय हे ह्याला पटवून द्यायचंय," ते म्हणाले. माझ्या कॉम्प्युटरवर खेळ चालू होता. मी तो बंद करायच्या आत त्यांची नजर पडद्यावर गेली.

"ही पिशवी कशाची?"

"माझ्या माणसाचं सामान आहे त्यात."

"लगेज किती चालतं?"

"दीडशे."

"आन् जास्त झालं तर?"

"मग पळता येत नाही."

"बरोबर हाय," ते म्हणाले. जगात कुठेतरी अजून नियम पाळले जातात, याचं त्यांना समाधान वाटलेलं दिसलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते पुन्हा आले. मी त्यांच्यासाठी नवा माणूस तयार करायला घेतला. योद्धा, तिरंदाज, मांत्रिक, चोर, यांपैकी एक निवडायचा आणि मग वीस गुण ताकद, चपळाई, बुद्धी, लपणं आणि संभाषण यांत वाटायचे. हे नंतर बदलता येतं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्यांनी तीन दिवस घेतले. अखेर अठरा गुण त्यांनी ताकदीत घातले, तेही ओझं उचलण्यापुरते. उरलेले दोन वापरले नाहीत.

"काका, ते वाया जातील."

"दोन सीटा रिकाम्या ठेवाव्या, मॅडम. फुडच्या स्टॉपला म्हातारं माणूस चढतं."

मला ते मॅडम म्हणत, आणि अहो-जाहो करत. त्यात थोडी थट्टा होती, थोडा इंग्रजी शाळेचा मान होता. माझी तिरंदाज बघून त्यांनी चष्मा वर केला होता. मी तिचे बहुतेक गुण लपण्यात घातले होते. "बोलण्यात शून्य? अवो, चौकशीच्या खिडकीवर तुमाला कोण बसवंल?"

त्यांची एक पद्धत हळूहळू माझ्या लक्षात आली. निघताना ते खेळातली एक वस्तू, बहुधा लाल पट्ट्याची ढाल, कुठेतरी ठेवून येत. कधी पवनचक्कीमागे, कधी पुलाखाली, कधी विहिरीच्या काठावर. त्या खेळात टाकलेली वस्तू टाकली तिथेच राहते. दुसऱ्या दिवशी फाटकातून आत येता येताच ते भोंग्यातल्या आवाजात सांगत, "ढाल, विहिरीवर." मग स्वयंपाकघरात माझ्या आईशी गप्पा मारत चहा घेत, आणि नंतर कॉम्प्युटरसमोर बसून थेट विहिरीवर जात. ढाल तिथे असे. घरात पेटी आहे, तिच्यात का ठेवत नाही, असं मी एकदा विचारलं.

"पेटीत ठेवल्यावर आठवायचं काय?" ते म्हणाले. मला तो गमतीचा भाग वाटला.

जानेवारीत एका दुपारी ते "पवनचक्कीमागं" म्हणत आले आणि ढाल तिथे नव्हती. आदल्या दिवशी त्यांनी ती पुलाखाली ठेवलेली मी पाहिली होती. ते चाळीस मिनिटं पवनचक्कीभोवती फिरत राहिले. त्यांचे कान लाल झाले. चष्मा त्यांनी तीनदा पुसला.

"हितं चोऱ्या व्हत्यात का हो?"

"होतं कधी कधी तसं, काका," मी म्हणाले. तसं त्या खेळात होत नाही. ते उठले आणि माझ्या वडिलांच्या चपला घालून घरी गेले.

त्यांचा तो चेहरा मला पुन्हा बघवला नसता. म्हणून पुढच्या वेळी ते चुकीची जागा सांगत आले तेव्हा, ते चहा घेत असताना मी ढाल उचलली आणि त्यांनी सांगितली होती तिथे नेऊन ठेवली. फार सोपं होतं. दार अर्धं लोटायचं, आत काकांचं हसणं ऐकू येतंय ना एवढं बघायचं, आणि माऊस हलवायचा. आधी आठवड्यातून एकदा करावं लागे, मग दोनदा. मार्चपर्यंत जवळजवळ रोज. फाटकाची कडी वाजली की मी हातातलं काम थांबवून त्यांच्या घोषणेची वाट बघायचे. आज बरोबर येऊ दे, एवढंच मनात असायचं. त्यांचे बाकीचे घोटाळेही मी मोजत होते. एकाच चहात दोनदा साखर, एका तासात तीनदा तोच प्रश्न. रस्त्यात काकू भेटल्या की विचारायच्या, "काय गं, खेळतेत का नीट?" मी म्हणायचे, "हो काकू, मजेत आहेत." दुसरं वाक्य तोंडापर्यंत येऊन परत जायचं.

काका मात्र खुलत चालले होते. सहा महिने गुडघ्याचं निमित्त करून ते एकटे कुठे गेले नव्हते. एके दिवशी ढाल "बरोबर" जागी सापडल्यावर ते खुर्चीत मागे रेलले. "दोन महिन्यांत एकबी चूक न्हाय, मॅडम. बहिणीकडं साखरपुडा हाय मुरुमला. जाऊन येतो."

"काकू येणार ना?"

"तिला गाडी लागती." कंट्रोलरच्या बायकोला एस.टी.चा वासही सहन होत नाही, हा त्यांचा जुना विनोद होता. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

जायच्या सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या फाटकापाशी थांबले. मी येते सोबत, हे वाक्य मी रात्रभर तयार करून ठेवलं होतं.

"काका, गाडी..."

"बत्तीस वर्सं लोकास्नी गाडीत बसवलं म्या," ते म्हणाले. "मला कोण बसवणार? चला, डबल बेल." कंडक्टर गाडी सोडताना दोनदा घंटी देतो, तसं त्यांनी फाटक दोनदा वाजवलं आणि निघाले. मी म्हणाले, "नीट जा."

दुपारी एकला काकूंना काकांच्या बहिणीचा फोन आला. दादा अजून पोचला नव्हता. त्यांचा मोबाईल घरात चार्जिंगला लावलेलाच होता. काकू आमच्या ओट्यावर येऊन बसल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. वडील आणि शेजारचे दोघं आधी मुरुमच्या, मग उमरग्याच्या स्टँडवर जाऊन आले. मी आत जाऊन कॉम्प्युटर चालू केला आणि बंद केला. बाहेर येऊन काकूंना पाणी दिलं. काहीही सांगितलं नाही. तेव्हा सांगूनही उपयोग नव्हता, असं मी स्वतःला समजावलं.

संध्याकाळी सहाला काकूंच्या मोबाईलवर ईट गावाहून फोन आला. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाहून. तिथला एक चहावाला बोलत होता. आजोबा दुपारपासून बसलेत, मुक्कामाच्या गाडीच्या स्टाफची खोली कुठली ते विचारतायत, ड्रायव्हर जेवून आला की झोपायचं म्हणतायत. त्यांच्या खिशातल्या डायरीच्या पहिल्या पानावर हा नंबर सापडला. काकूंनी फोन वडिलांच्या हातात दिला आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "लग्नाच्या आधी त्यांची ड्युटी तिकडं व्हती."

वडील जीप करून गेले आणि त्यांना घेऊन आले.

तिसऱ्या दिवशी चार वाजता फाटक वाजलं. घोषणा झाली नाही. काकांनी चहा नको म्हटलं, माझ्यासमोर बसले आणि खिशातली डायरी उघडून टेबलावर ठेवली. कंट्रोलरच्या वहीसारख्या सरळ ओळी होत्या. रोज सकाळी उठल्यावर, आदल्या दिवशी वस्तू कुठे ठेवली ते आठवून ते लिहीत. संध्याकाळी पुढे निकाल. ढाल, विहीर, बरोबर. बूट, पूल, बरोबर. जानेवारीत एक चूक. त्यानंतर थेट मार्चपर्यंत बरोबर, बरोबर, बरोबर.

"ह्याच्यावर इस्वास ठेवून म्या गाडीत बसलो," ते म्हणाले. "खरं सांगा मॅडम. ढाल कोण ठेवत व्हतं?"

"मी."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. बराच वेळ ते त्या पानांवरून बोट फिरवत राहिले.

"स्टँडवरचं घड्याळ एकदा बंद पडलं व्हतं. म्या त्याच्यावर कागद चिकटवला, बंद हाय म्हणून. कुणाची गाडी चुकली न्हाय त्या दिवशी. तुमी काय केलंत, बंद घड्याळाचे काटे रोज हातानं फिरवले."

ते पुढे म्हणाले, "आता एक काम करा. हिला सांगा. म्या दोनदा बसलो सांगायला, मला सुरुवातच सापडंना."

"मला नाही जमणार, काका. माझं बोलणं शून्य आहे, तुम्हाला माहिती आहे."

"माझ्या दोन सीटा रिकाम्या हायत की," ते म्हणाले. "त्या घ्या तुमी."

काकू अंगणात ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले, उगाच चार दाणे हातात घेतले आणि सांगितलं. क्रम चुकला, मध्येच इंग्रजी शब्द आले, ढाल म्हणजे काय ते दोनदा समजवावं लागलं. सुपातले त्यांचे हात चालूच होते.

"कधीपासून?"

"जानेवारीपासून."

हात थांबले. "रोज चार वाजता माझा माणूस मी तुझ्या भरवशावर धाडत व्हते. आन् तू मला मजेत हायत म्हणून सांगत व्हतीस."

"काकू, मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते ऱ्हाऊ दे. ऊठ. सूप सांडंल."

आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी फाटकात उभं राहून म्हणाल्या, "सोलापूरला डॉक्टरकडं जायचंय. कागद इंग्रजीत असत्यात. तू चल." मी त्यांच्या शेजारी बसून गेले. त्यांना उलटी होऊ नये म्हणून वाटभर खिडकी उघडी धरून ठेवली. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी मराठीत काकूंना सांगितलं, काही न गाळता. हा आजार वाढत जातो. गोळ्यांनी वेग थोडा कमी होईल, थांबणार नाही. काकूंनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

त्यानंतरही काका रोज चारला येत राहिले. मी काही हलवलं नाही. ते शोधत, सापडलं नाही की मला विचारत, मी खरी जागा दाखवत असे, आणि ते डायरीत स्वतःच्या हाताने चूक लिहीत. ते दिवस मला आधीच्या लपवाछपवीपेक्षा जड गेले. मेमध्ये एका पानावर सलग सहा चुका होत्या. सातव्या दिवशी बरोबर आलं, तेव्हा ते उठून आईला सांगायला स्वयंपाकघरात गेले.

जूनमध्ये त्यांची मुलगी दोघांना पुण्याला घेऊन गेली. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी ढाल पवनचक्कीमागे ठेवली, तिच्याकडे पुष्कळ वेळ बघितलं आणि म्हणाले, "हात लावू नका."

गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. काका काही दिवस कुणाशी बोलत नव्हते, त्या दिवशी मात्र मॅडमला फोन लावा म्हणून मागे लागले होते. मी कामाला बसले होते. उगाच खेळ उघडला आणि त्यांच्या माणसाला पवनचक्कीपर्यंत नेलं. ढाल गवतात पडलेली होती.

"सांगू नका," तिकडून काका म्हणाले. "म्या सांगतो." मग नुसता श्वास ऐकू येत राहिला. शेवटी तो जुना, भोंग्यातला आवाज लागला. "ढाल, पुलाखाली."

पूल तिथून दिसत होता. ढाल उचलून पुलाखाली ठेवायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

"नाही काका," मी म्हणाले. "पवनचक्कीमागं."

पलीकडे त्यांनी काकूंना पेन मागितल्याचं ऐकू आलं, आणि पानं उलटल्याचं.

"बरं केलंत सांगितलं," काका म्हणाले. "थांबा. लिवून घेतो."